यंत्राच्या परीक्षेचे दप्तर

परीक्षा हा शब्द कानावर पडला की आपल्यापुढे शाळेचा वर्ग उभा राहतो. बाकांवर खाली मान घालून बसलेली मुले आणि पाठीमागे हात बांधून येरझारा घालणारे गुरुजी दिसू लागतात. आज मी ज्या परीक्षेविषयी बोलणार आहे ती मुलांची नव्हे. ती आहे संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे आपण ज्याला सरसकट सॉफ्टवेअर म्हणतो त्याची. आणि खरे सांगायचे तर त्या परीक्षेविषयीही मला फार बोलायचे नाही. परीक्षा संपल्यावर जे कागद मागे उरतात ते गोळा कसे करावेत, जपावेत कसे, आणि न जपल्यास काय अनर्थ होतो, हा आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, हा विषय पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतला. आम्हां खेड्यातल्या माणसांना त्याचे काय? पण जरा पहा. सकाळी दूध घेऊन आपण संकलन केंद्रावर जातो, तेथे फॅट मोजून पैसे सांगते ती आज्ञावली. रेशनच्या दुकानात अंगठा लावल्यावर धान्य द्यायचे की नाही हे ठरवते ती आज्ञावली. सातबाऱ्याचा उतारा, बँकेतली शिल्लक, शाळेतल्या मुलांची नोंद, सगळे तिच्याच हातात. गावचा कारकून चुकला तर त्याला विचारता येते, चारचौघांत बसवून हिशेब मागता येतो. आज्ञावली चुकली तर विचारायचे कोणाला? तेव्हा ती आपल्यापर्यंत येण्याआधी तिची परीक्षा कोणी घेतली आणि त्या परीक्षेचे दप्तर कोठे आहे, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

प्रथम ही परीक्षा असते कशी ते पाहू. समजा, दुधाचे पैसे काढणारी आज्ञावली लिहिली आहे. साडेबारा लिटर दूध, दर लिटरला ३४ रुपये, तर उत्तर ४२५ रुपये आले पाहिजे, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून दुसरी एक छोटी आज्ञावली लिहायची. तिने पहिलीला हा प्रश्न घालायचा, आलेले उत्तर ४२५ शी ताडून पाहायचे, आणि जुळले तर ‘ठीक’, न जुळले तर ‘चूक’ असे लिहायचे. मग आडवे प्रश्न घालायचे. दूध शून्य लिटर असले तर काय होते? आकड्याच्या जागी कोणी चुकून अक्षर दाबले तर? असे शेकडो, मोठ्या कामात हजारो प्रश्न लिहून ठेवतात. कारागिराने आज्ञावलीत एक ओळ बदलली की ही सारी परीक्षा यंत्र आपली आपण पुन्हा घेते. कित्येकदा रात्री, माणसे झोपलेली असताना. परीक्षकही यंत्र आणि परीक्षार्थीही यंत्र! याला स्वयंचलित चाचणी म्हणतात.

ही रीत काही काल-परवाची नाही. लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल नावाची संगणकभाषा प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यासोबत अशा चाचण्या होत्या, आणि प्रत्येक चाचणी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी साधी ओळ लिहीत असे. पुढे १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी झ्यूरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसल्या बसल्या ‘जेयुनिट’ या चाचणीच्या साधनाचा पाया घातला. त्या साधनाच्या नावाने ओळखला जाणारा निकालपत्राचा नमुना आज इतर अनेक संगणकभाषांची साधनेही वापरतात. निकालपत्राचा छापील तक्ता एकच असला म्हणजे कोणत्याही शाळेचा निकाल कोणालाही वाचता येतो, तसेच हे झाले.

आता परीक्षा झाल्यावर हाती काय काय येते? पहिला म्हणजे निकाल: इतक्या चाचण्या उत्तीर्ण, इतक्या अनुत्तीर्ण. दुसरा रोजनामा, आज्ञावलीने कोणत्या क्षणी काय केले याची ओळीमागून ओळ नोंद. तिसरे, पडद्यावर दिसणाऱ्या आज्ञावलीची चाचणी असेल तर चूक घडली त्या क्षणीचे पडद्याचे छायाचित्र. चौथे, आज्ञावली मध्येच कोसळली तर त्या वेळी यंत्राच्या स्मृतीत जे काही होते त्याची जशीच्या तशी उतरलेली प्रत. पाचवे, कोणत्या कामाला किती वेळ लागला त्याची मापे. या साऱ्या फायली म्हणजे त्या परीक्षेचे दप्तर.

शिक्षक बंधुभगिनींना या दप्तराचे मोल सांगायला नको. अमुक मुलगा गणितात नापास झाला, एवढे निकालपत्र सांगते. पण त्याचा हातचा चुकला, की उदाहरणच समजले नाही, की शेवटची दोन पाने लिहायला वेळ पुरला नाही, हे कळते ते उत्तरपत्रिका उघडल्यावरच. निकालाने दोष आहे एवढे कळते; दोष कोठे आहे ते उत्तरपत्रिका दाखवते. नुसता निकाल ठेवून उत्तरपत्रिका टाकून दिल्या तर त्या मुलाला सुधारायचे तरी कशाच्या आधारावर?

पण येथे एक अडचण आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. ज्या यंत्रावर ही चाचणी चालते ते बहुधा कायमचे नसते. लग्नाचा मांडव घालतात, कार्य उरकले की सोडून नेतात, तसा प्रकार. चाचणीपुरते एक कोरे यंत्र भाड्याने उभे करायचे, काम संपले की पुसून टाकायचे. यात शहाणपण आहे. आधीच्या परीक्षेची घाण पुढच्या परीक्षेत येत नाही, सर्वांना सारखी कोरी पाटी मिळते. परंतु मांडव सोडताना आत राहिलेली भांडीकुंडी जशी हरवतात, तशा त्या यंत्राबरोबर सगळ्या फायलीही नाहीशा होतात. म्हणून यंत्र पुसण्याआधीच त्या उचलून दुसऱ्या, कायमच्या जागी नेल्या पाहिजेत. मागाहून आठवण होऊन उपयोग नाही. बैल गेला नि झोपा केला, अशी गत व्हायची.

याहून मोठी मेख पुढे आहे. ही कामे एकापुढे एक साखळीने जोडलेली असतात. आधी आज्ञावली तयार करा, मग तिची चाचणी घ्या, मग फायली गोळा करा. प्रत्येक काम संपताना एक आकडा मागे ठेवते. संगणकाच्या राज्यात शून्य म्हणजे सर्व क्षेम, आणि शून्याखेरीज दुसरा कोणताही आकडा म्हणजे बिघाड. आपल्या शाळेच्या अगदी उलट, शून्य मिळाले की पास! चाचणी चुकली की शून्याऐवजी दुसरा आकडा येतो आणि साखळी तेथेच थांबते. मग पुढचे काम, म्हणजे फायली गोळा करण्याचे, होतच नाही. परिणाम काय? चाचणी उत्तीर्ण झाली तर तिचे सारे कागद जपले जातात, आणि अनुत्तीर्ण झाली, म्हणजे ज्या दिवशी त्या कागदांची खरी गरज, त्या दिवशी एकही कागद हाती लागत नाही. पास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका कपाटात आणि नापासांच्या चुलीत!

यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. जेन्किन्स, गिटहब यांसारख्या ज्या व्यवस्था ही साखळी चालवतात, त्यांत ‘काहीही होवो, हे काम करच’ असे सांगण्याची सोय आहे. गोळा करण्याच्या कामाला ती खूण लावायची. गावात मृत्यू झाला तरी नोंद होते आणि जन्म झाला तरी नोंद होते. नोंद करणाऱ्याने बातमी चांगली की वाईट हे पाहायचे नसते. मात्र ही खूण लावल्यानंतर एकदा मुद्दाम चूक करून पाहावी आणि फायली खरोखर येतात का हे तपासावे. आगीचा बंब आग लागण्याआधी चालवून पाहायचा असतो.

आणखी एक धोका अर्धवट निकालाचा. चाचण्या घेणारी आज्ञावलीच मध्ये कोसळली तर? चाळीसपैकी बावीस चाचण्या झाल्या, बावीसही ‘ओके’, आणि पुढे काहीच नाही. वरवर पाहणाऱ्याला एकही चूक दिसत नाही. यासाठी पर्लच्या मंडळींनी एक सुंदर युक्ती रूढ केली. निकालात एक ओळ अशी लिहायची की, ‘एकूण चाचण्या एक ते चाळीस’. मग बावीसच आल्या तर वाचणाऱ्याला कळते की अठरा बेपत्ता आहेत. गाडीत पोती भरताना हुंडेकरी पावतीवर आकडा आधी लिहितो आणि उतरवताना पोती मोजून घेतात, तीच ही रीत. नुसती चूक नसणे पुरेसे नाही. जे यायला हवे होते ते सारे आले, हेही पाहिले पाहिजे.

नोंद जपली गेल्याने काय साधते, याचे एक मोठे उदाहरण सांगतो. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात, कुरू येथून युरोपचे आरियान ५ हे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले. सुमारे चाळीस सेकंदांत, अदमासे ३,७०० मीटर उंचीवर ते वाट सोडून वळले, फुटले आणि जळून गेले. त्यातले चार उपग्रहही गेले. चौकशी मंडळ बसले. झाक-लुई लियाँ हे गणिती त्याचे अध्यक्ष होते. मंडळाचा अहवाल १९ जुलैला, म्हणजे अवघ्या साडेसहा आठवड्यांत तयार झाला. इतक्या लवकर कसा? उड्डाणाच्या क्षणाक्षणाची मापे जमिनीवर टिपून ठेवलेली होती. शिवाय अवशेषांतून बाणाची दिशा सांगणारी दोन्ही उपकरणे शोधून काढली, आणि त्यांच्या स्मृतीत राहिलेली नोंद वाचता आली.

त्यातून कळले ते असे. दिशा सांगणारी आज्ञावली आधीच्या आरियान ४ या बाणावरून जशीच्या तशी उचललेली होती. त्यात एक मोठे माप एका लहान खणात भरले जात असे. त्या खणात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नव्हता. जुना बाण आडव्या अंगाने सावकाश वेग घेई, म्हणून तेथे कधी अडचण आली नाही. नवा बाण वेगवान. आकडा मावेना, आणि उपकरण बंद पडले. जोडीला ठेवलेले दुसरे उपकरणही तीच आज्ञावली चालवत होते. तेही त्याच कारणाने क्षणभर आधी बंद पडले होते. त्याहून नवलाची गोष्ट ही की, बंद पडताना उपकरणाने जो बिघाडाचा संदेश पाठवला, तो मुख्य संगणकाने उड्डाणाची मापे समजून वाचला आणि बाण भलतीकडे वळवला. आणि जमिनीवर नव्या बाणाच्या मार्गाची मापे घालून त्या उपकरणाची परीक्षा झालीच नव्हती. पुढे उड्डाणाची जपलेली मापे घालून संगणकावर तोच प्रसंग पुन्हा घडवून पाहिला, तेव्हा सारी घटनामालिका हुबेहूब तशीच घडली. कारण सिद्ध झाले ते असे. नोंद नसती तर तर्कांची रास पडली असती, आणि दुसऱ्या बाणाच्या वेळी कोणाचाही जीव थाऱ्यावर राहिला नसता.

आता दप्तर जपायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट नावाची. ‘निकाल’, ‘निकाल नवा’, ‘निकाल शेवटचा’ अशी नावे दिली की महिन्याभरात कोणता कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर चाचणीचा अनुक्रमांक, तारीख व वेळ, आज्ञावलीच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीची परीक्षा घेतली तिची खूण, आणि कोणत्या यंत्रावर घेतली ते लिहिले पाहिजे. माती परीक्षणाला पाठवलेल्या पिशवीत गट नंबराची चिठ्ठी नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही अचूक असला तरी तो कोणत्या शेताचा? तसेच हे.

दुसरी गोष्ट मुदतीची. सगळेच कायम जपू म्हटले तर जागा पुरत नाही आणि भाडेही चढते. गिटहबवर अशा फायली, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, ९० दिवस राहतात. गिटलॅबच्या सार्वजनिक सेवेवर ३० दिवस. त्यानंतर त्या आपोआप जातात, आणि पुष्कळांना हे ठाऊक नसते. म्हणून मुदत आपण ठरवावी. सरकारी कचेरीत आणि शाळेतही अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. ‘अ’ वर्गातले कायम ठेवायचे आणि खालच्या वर्गांची मुदत उतरती. तीच पद्धत येथे चालते. लोकांच्या हाती गेलेल्या आवृत्तीचे दप्तर ती वापरात असेपर्यंत आणि पुढेही काही वर्षे ठेवावे. चुकलेल्या चाचण्यांचे चूक सुटेपर्यंत. रोजच्या उत्तीर्ण चाचण्यांचा रोजनामा थोडे दिवस ठेवून नुसता निकाल मागे ठेवला तरी भागते.

निकालाचा हा मागोवा का ठेवायचा? काही चाचण्या लहरी असतात. आज्ञावलीत काही बदल नाही, तरी आज उत्तीर्ण, उद्या अनुत्तीर्ण, परवा पुन्हा उत्तीर्ण. गूगल कंपनीच्या चाचणी विभागाने २०१६ साली लिहिले होते की, त्यांच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक प्रमाणात असा लहरीपणा आढळतो. अशा चाचण्या लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरासारख्या. चारदा खोटी हाक ऐकली की पाचव्यांदा कोणी वळून पाहत नाही, आणि नेमका त्याच दिवशी लांडगा येतो. कोणती चाचणी लहरी आणि कोणती खरी हे एका दिवसाच्या निकालावरून कळत नाही. महिन्यांचे निकाल शेजारी मांडले तरच कळते.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. रोजनाम्यात कधी कधी परवलीचे शब्द, लोकांची नावे, आधार क्रमांक असे काही उतरून जाते. दप्तर जपणे म्हणजे ते चव्हाट्यावर मांडणे नव्हे. चाचणीसाठी खऱ्या माणसांची माहिती वापरूच नये. काल्पनिक नावे आणि काल्पनिक खाती करावीत.

श्रोतेहो, हे सारे कारागिरांचे काम, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर शेवटी इंग्लंडातली एक हकीकत ऐका. तेथे गावोगाव लहान पोस्टे आहेत. गावातलाच एखादा दुकानदार ती चालवतो. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाची आज्ञावली आली. ती अधूनमधून तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर म्हणत, आम्ही पैसा घेतला नाही. पोस्टखाते म्हणे, यंत्र चुकत नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसे अशा हिशेबांच्या आधारे दोषी ठरली. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घर गेले, कोणाला गावात तोंड दाखवणे नको झाले. आणि त्या आज्ञावलीच्या ज्ञात दोषांची एक नोंदवही ती बनवणाऱ्यांकडे होती! दोष टिपले जात होते. पण ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्यापुढे ते येत नव्हते. पोस्टमास्तरांनी एकजुटीने दिवाणी दावा लावला, तेव्हा ती नोंदवही न्यायालयापुढे आली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की आज्ञावलीत दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती. २०२१ साली अपील न्यायालयाने एका दिवसात ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि २०२४ साली संसदेला खास कायदा करून उरलेल्यांपैकी बहुतेकांना निर्दोष ठरवावे लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी. दप्तर नुसते ठेवून भागत नाही. ज्याचे नशीब त्यावर अवलंबून आहे त्याला ते पाहता आले पाहिजे.

मग आपण आपल्या गावात काय करावे? यंत्राने चुकीचा आकडा दाखवला की नुसते बंद करून पुन्हा सुरू करू नये. आधी तारीख, वेळ आणि पडद्यावरचा मजकूर वहीत उतरून घ्यावा. जमल्यास मोबाइलने छायाचित्र काढावे. छापील पावती जपून ठेवावी. सोसायटीने, ग्रामपंचायतीने किंवा शाळेने नवी आज्ञावली विकत घेताना विक्रेत्याला विचारावे: हिच्या चाचण्या घेतल्या का, त्यांचे दप्तर किती दिवस ठेवता, आणि वाद झाला तर आम्हाला दाखवाल का? हे विचारायला संगणक यावा लागत नाही. आणि शिक्षकांनी मुलांना सांगावे की, प्रयोगवहीत जे उत्तर यायला हवे ते लिहायचे नसते, जे आले ते लिहायचे असते. चुकलेल्या निरीक्षणाचे पानही फाडायचे नसते. ज्या मुलाला ही सवय लागली तो पुढे शेती करो, दुकान चालवो, की आज्ञावली लिहो, त्याच्या नोंदीवर चार माणसे विसंबून राहू शकतील.